सवलत आणि तडजोड : मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी एक अभ्यास

शास्त्रवाचन : प्रे. कृत्ये ६:१-७, १५:१-४१, १६:१-५, गलती. २:१-१४, फिलिप्पै. २:५-८.
पाठांतरासाठी : १ करिंथ. ९:१९.

"मंडळीत राजकारण नको," असे आपण सर्वच म्हणतो. वार्षिक सभा जवळ आली, पास्टरेट कमिटीची किंवा सेशनची निवडणूक आली, की हे उद्‌गार हमखास कानावर पडतात. आणि पुष्कळदा ते काढणारा गृहस्थच घरोघर फिरून मते पक्की करून आलेला असतो. दुसरीकडे काही देवभीरू माणसे ह्या सगळ्याला विटून म्हणतात, "आम्हांला त्यात पडायचे नाही. आम्ही उपासनेला येतो, वर्गणी देतो आणि घरी जातो." अशा माणसांनी अंग काढून घेतल्यावर कारभार कोणाच्या हाती जातो हे वेगळे सांगावयास नको.

माणसे एकत्र आली, त्यांच्या इच्छा निरनिराळ्या असल्या आणि तरी निर्णय एकच घ्यावयाचा असला, की बोलणी, समजूत घालणे, थोडे देणे, थोडे घेणे ही आलीच. ह्यालाच कोणी राजकारण म्हणत असेल, तर ते प्रेषितांच्या मंडळीतही होते आणि लूकने ते झाकून ठेवलेले नाही. तेव्हा प्रश्न असा उरतो की, मंडळीच्या पुढाऱ्याने नमते कोठे घ्यावे आणि कोठे घेऊ नये? एकाच माणसाने आज नमते घेतले व उद्या घेतले नाही, तर तो लहरी ठरतो की शहाणा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आजचा पाठ वाचू.

१. भाषेवरून उठलेली कुरकुर

यरुशलेमच्या मंडळीत गटागटांतला पहिला वाद रोजच्या वाटपावरून उठला. मंडळीत दोन प्रकारचे यहूदी विश्वासणारे होते. एक, त्याच देशात वाढलेले व तेथली भाषा बोलणारे इब्री. दुसरे, परदेशांतून आलेले व ग्रीक बोलणारे हेल्लेणी. हेल्लेण्यांची तक्रार अशी होती की, आमच्या विधवांची वाटपात उपेक्षा होते. ही उपेक्षा मुद्दाम होत होती काय, हे लूक सांगत नाही. बहुधा ती मुद्दाम नसावी. वाटप करणाऱ्याला ज्यांची भाषा कळते, ज्यांच्या घरी त्याचे येणेजाणे असते, त्यांच्याच विधवा त्याला आधी आठवतात. हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु जी विधवा उपाशी राहिली तिला ह्या खुलाशाने जेवण मिळत नाही.

बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फुटीर म्हटले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडावयास सांगितले. निवडलेल्यांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तिमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. तो अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला मनुष्य होता. ग्रीक नावे इब्री लोकांतही कधी कधी ठेवीत, म्हणून सातही जण हेल्लेणी होते असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरी सातांत एकही इब्री नाव नसावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचा कारभार मंडळीने दिलेला दिसतो.

येथे बहुसंख्य गटाने काय केले ते ध्यानात घ्यावे. चार जागा आमच्या व तीन तुमच्या असा हिशेब त्यांनी मांडला नाही. हातातला हक्क त्यांनी सोडला. मात्र एक गोष्ट सोडली नाही : निवडलेला माणूस चांगल्या नावाचा, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असला पाहिजे, ही अट कायम राहिली. माणूस कोणत्या गटाचा ह्याबाबत नमते घेतले. माणूस कसा ह्याबाबत घेतले नाही. परिणाम सातव्या वचनात आहे : वचनाचा प्रसार होत गेला व शिष्यांची संख्या वाढली.

बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या आपल्या मंडळ्यांना हा अध्याय परका वाटू नये. एकाच वेदीपुढे दोन-तीन भाषा बोलणारी माणसे गुडघे टेकतात, तेथे कोणाची उपासना सकाळी आणि कोणाची दुपारी, गीते कोणत्या पुस्तकातली, अहवाल कोणत्या भाषेत, ह्यावरून मने दुखावतात. मंडळीत भाषेवरून कुरकुर होते म्हणजे मंडळी बिघडली असे समजण्याचे कारण नाही. ती प्रेषितांच्या डोळ्यांदेखत झाली होती. कुरकुर ऐकल्यावर पुढारी काय करतात ह्यावर सगळे अवलंबून आहे.

२. यरुशलेमची सभा

पुढचा वाद अधिक खोल होता. यहूदीयातून काही जण अंत्युखियास आले आणि शिकवू लागले की, परराष्ट्रीयांची सुंता झाल्याशिवाय त्यांचे तारण होणार नाही. हा रीतिभातीचा प्रश्न राहिला नव्हता. देवाच्या घरात शिरण्याच्या दाराचा प्रश्न झाला होता. पौल व बर्णबा ह्यांनी कडाक्याचा वाद केला आणि प्रकरण यरुशलेमला प्रेषित व वडील ह्यांच्यापुढे गेले.

त्या सभेचे काम कसे चालले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. पुष्कळ वादविवाद होऊ दिला. मग पेत्राने आपला अनुभव सांगितला. बर्णबा व पौल ह्यांनी परराष्ट्रीयांत देवाने काय केले ते सांगितले. शेवटी याकोबाने शास्त्राच्या आधारे निर्णय सुचविला. निर्णयाचे दोन भाग होते. सुंतेचे ओझे परराष्ट्रीयांवर घालावयाचे नाही, येथे तसूभरही माघार नाही. त्याचबरोबर मूर्तीला अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचे मांस व जारकर्म ह्यांपासून त्यांनी दूर राहावे. ह्यांतील जारकर्म तर कोणत्याही ख्रिस्ती माणसास वर्ज्यच आहे. बाकीच्या गोष्टी अशा होत्या की त्या पाळल्याने यहूदी विश्वासणाऱ्यांना परराष्ट्रीय बांधवांबरोबर बसणे सोपे जावे.

हा निर्णय लेखी दिला गेला, तो नेण्यासाठी यहूदा व सीला ही माणसे निवडली गेली, आणि अंत्युखियास सर्व मंडळी जमवून पत्र वाचण्यात आले. आमच्या नावावर जे लोक तुमच्याकडे आले त्यांना आम्ही पाठविले नव्हते, हेही त्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. आपल्या गटातील माणसे चुकली असे आपल्याच सहीने लिहून देणारे पुढारी फार थोडे आढळतात.

३. तीत आणि तीमथ्य

आता खरी अडचण येते. गलतीकरांस लिहिताना पौल सांगतो की, यरुशलेमला जाताना त्याने ग्रीक तीताला बरोबर नेले, आणि तीताची सुंता व्हावी ह्यासाठी जे दडपण आले त्यापुढे तो घटकाभरही वाकला नाही. (ही भेट म्हणजे प्रे. कृत्ये १५ मधील सभाच की त्याआधीची दुसरी, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) पण प्रे. कृत्यांचा सोळावा अध्याय उघडावा तो काय दिसते? लुस्त्र येथे तीमथ्य नावाचा तरुण शिष्य भेटतो. त्याची आई यहूदी, बाप ग्रीक. पौल त्याला बरोबर घेतो आणि त्या भागातील यहूद्यांखातर त्याची सुंता करतो! तीही केव्हा, तर सुंतेची गरज नाही असा यरुशलेमचा निर्णय गावोगाव पोहोचवीत असताना.

पौलाने तत्त्व सोडले काय? दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहू.

तीताच्या बाबतीत सुंता ही अट म्हणून मागितली जात होती. ती मान्य केली असती तर तीतासारख्या प्रत्येक परराष्ट्रीय विश्वासणाऱ्याला सांगण्यासारखे झाले असते की, ख्रिस्त तुला पुरा पडला नाही. यरुशलेममधील चार मोठ्या माणसांची मर्जी राखली गेली असती. पण तिचे मोल गलतीयातल्या, अंत्युखियातल्या, त्या सभेत हजर नसलेल्या गरीब विश्वासणाऱ्यांनी भरले असते.

तीमथ्याच्या बाबतीत तशी अट कोणी घातल्याचे लूक लिहीत नाही. तीमथ्य आधीच शिष्य होता आणि लुस्त्र व इकुन्य येथील बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते. त्याचे तारण किंवा मंडळीतील स्थान त्या विधीवर टांगलेले नव्हते. तो यहूद्यांच्या सभास्थानांत सुवार्ता घेऊन जाणार होता, आणि त्याच्यामुळे कोणाचे दार बंद होऊ नये म्हणून त्रास काढला तो सुवार्ता सांगणाऱ्याने. ऐकणाऱ्यावर काही लादले नाही.

येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. जे माझे आहे, म्हणजे माझा मान, माझी सोय, माझी सवय, माझा हक्क, ते दुसऱ्यासाठी मी सोडले तर ती सवलत होय, आणि ती ख्रिस्ती माणसाने मोकळ्या हाताने द्यावी. जे दुसऱ्याचे आहे ते माझ्या सोयीसाठी किंवा शांततेसाठी मी सोडून दिले, तर ती तडजोड होय, आणि ती करण्याचा मला अधिकार नाही. १ करिंथ. ९ मध्ये पौल आपण सर्वांचे दास झालो असे म्हणतो. तेथे त्याने सोडलेल्या सर्व गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत.

४. अंत्युखियाचे जेवण

हीच कसोटी पेत्राला लावून पाहू (गलती. २:११-१४). पेत्र अंत्युखियास परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही जण आल्यावर त्यांच्या भीतीने तो हळूहळू मागे सरला व वेगळा बसू लागला. इतर यहूदी विश्वासणारेही त्याच्यामागे गेले. बर्णबादेखील ओढला गेला.

पेत्राच्या बाजूने बरेच काही बोलता येईल. पाहुणे आलेले आहेत, चार दिवसांत जातील, उगाच यरुशलेमपर्यंत गवगवा कशाला? कोणत्याही सिद्धांतावर त्याने काही वेगळे शिकविले नव्हते. त्याने फक्त जागा बदलली होती. परंतु ज्या पंक्तीतून तो उठला त्या पंक्तीत कोणी तरी बसून राहिले होते. आदल्या दिवशीपर्यंत प्रेषित आपल्याबरोबर भाकर मोडत होता आणि आज तो आपल्याला टाळतो, हे त्या माणसांनी पाहिले. यरुशलेमच्या पाहुण्यांशी राखलेल्या सलोख्याचा खर्च त्यांच्या नावावर टाकला गेला होता. म्हणून पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला.

पंक्ती म्हणजे काय, कोण कोणाबरोबर बसतो आणि कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, ह्याचा अर्थ आपल्या देशातल्या माणसाला टीकाग्रंथ वाचून समजून घ्यावा लागत नाही.

५. आपल्या देशातील मंडळीकडे पाहता

अंत्युखियाची पंक्ती भारतातल्या मंडळीतही मांडली गेली. दक्षिणेकडील जुन्या मिशनांच्या देवळांत अनेक वर्षे उच्च मानलेल्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनातही भेद पाळीत. ही चाल चालू देणारे मिशनरी दुष्ट नव्हते. एकदम बंदी घातली तर लोक निघून जातील, हळूहळू सुधारतील, असा त्यांचा विचार होता. पण वाट पाहण्याचा भार मागे बसविलेल्यांनी सोसला. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनी मंडळीतले जातिभेद ताबडतोब व कायमचे सोडून द्यावेत असा आदेश दिला. पुष्कळ जण मंडळी सोडून गेले. त्या पत्रकाने जात संपली असे नाही. ती आजही आपल्या सोयरिकींत आणि कधी कधी मतपेट्यांत दिसते. तरी बिशप विल्सन ह्यांनी हिशेब नीट मांडला : मंडळीची संख्या टिकविण्यासाठी दुर्बळाचा मान खर्ची घालता येत नाही.

ह्याच विषयाची दुसरी बाजू आपल्या मराठी मंडळीच्या घरात सापडते. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळेओवळे टाकलेले नव्हते. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. घरातली गैरसोय त्यांनी सोसली. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. बिशपांनी मुदत दिली नाही आणि टिळकांनी दिली, म्हणून एक कठोर व एक मऊ असे नव्हे. देवळातल्या त्या धीराची किंमत दुसरा देत होता. घरातल्या धीराची किंमत टिळक स्वतः देत होते.

आणखी एक उदाहरण मंडळ्यांच्या एकीकरणाचे. १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे सुरू झालेली बोलणी २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडियाच्या स्थापनेने पूर्ण झाली. अठ्ठावीस वर्षे लागली. मोठा पेच बिशपपदाचा होता. अँग्लिकन मंडळी ते सोडावयास तयार नव्हती. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांत ते मुळीच नव्हते. शेवटी बिशपपद सर्वांनी स्वीकारले, पण त्याविषयी एकच विशिष्ट मत धरण्याची सक्ती कोणावर केली नाही. आधी दीक्षा झालेल्या पाळकांना पुन्हा दीक्षा घेण्यास लावले नाही. आणि कोणत्याही मंडळीवर तिच्या विवेकाविरुद्ध पाळक लादला जाणार नाही असे वचन दिले. प्रत्येक पक्षाने आपले काही सोडले, आणि दुसऱ्याच्या विवेकाला हात लावला नाही. ह्या कामासाठी झटलेले दोर्णकलचे बिशप व्ही. एस. अझरिया १ जानेवारी १९४५ रोजी, एकीकरण पाहण्याआधीच, प्रभूकडे गेले.

नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा ह्या दोन्ही रीतींना जागा ठेवण्यात आली, तीही अशाच विचाराने. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेतील मंडळीने त्या वेळी वेगळे राहण्याचे ठरविले, आणि १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया ह्या नावाने स्वायत्त झाली. आत गेलेल्यांत आणि बाहेर राहिलेल्यांतही प्रार्थनापूर्वक ठरविणारी माणसे होती. तत्त्वाची चाड एकाच बाजूला असते असे समजू नये.

६. कयफाचे गणित

योहान ११:४९-५० मध्ये मुख्य याजक कयफा आपल्या सभेला सल्ला देतो की, सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरणे हिताचे आहे. व्यवहाराच्या दृष्टीने हा सल्ला चतुर होता. रोमी सत्ता चिडेल, मंदिर जाईल, लोक मरतील, हे भय खोटे नव्हते. पण सल्ला देणाऱ्याने स्वतःची मान पुढे केली नव्हती. पिलातानेही जमावाला खूष करण्यासाठी जे देऊन टाकले ते त्याचे नव्हते.

त्याच नगरीत आपल्या प्रभूने स्वतःला दिले. फिलिप्पै. २ मध्ये पौल ह्याचीच आठवण देतो : जे त्याचे स्वतःचे होते ते त्याने धरून ठेवले नाही. मंडळीचा प्रत्येक पुढारी सभेत हात वर करतो तेव्हा ह्या दोहोंपैकी कोणाच्या तरी पद्धतीने हिशेब करीत असतो.

७. तीन कसोट्या

आतापर्यंतच्या अभ्यासातून तीन प्रश्न निघतात. ते कमिटीच्या टेबलावर ठेवण्याजोगे आहेत.

पहिला : किंमत कोण देतो? ठराव करणारे की सभेत नसलेले? मिशनकाळापासून चालत आलेल्या एखाद्या जागेचे उदाहरण घ्या. समजा, ती विकून आजची कर्जे फेडावीत असे सर्वानुमते ठरले. 'सर्वानुमते' ह्यात पुढच्या पिढीचे मत नसते. ती जागा देणारे आता हयात नाहीत आणि जिला ती लागेल ती मुले शब्बाथ शाळेत बसलेली आहेत. विक्री नेहमीच चुकीची असते असे नव्हे. पण त्या मुलांच्या वतीने कोणी तरी उभे राहून बोलले पाहिजे.

दुसरा : ही गोष्ट कोणाच्या प्रवेशाची अट होते काय? एका भाषेतील उपासनेची वेळ बदलली तर ती सोयीची गोष्ट आहे. ज्या वृद्ध बहिणींना दुसरी भाषा समजतच नाही त्यांची उपासना बंद केली, तर त्यांच्यापुढे दार लोटल्यासारखे होते. उलट, आमच्या तरुणांना मराठी वाचता येत नाही म्हणून त्यांना दुसऱ्या भाषेत प्रार्थना करू न देणे, हेही दार लोटणेच होय.

तिसरा : हे सर्वांसमक्ष सांगता येईल काय? खाजगीत बोलणे हे पाप नाही, पौलही यरुशलेममध्ये मान्यवरांशी एकांती बोलला (गलती. २:२). पण निर्णय मात्र सर्व मंडळीपुढे वाचला गेला. पैशाच्या बाबतीत तर तो इतका जपत असे की, यरुशलेमच्या गरिबांसाठी जमविलेला निधी नेण्यास मंडळ्यांनी आपापली माणसे पसंत करावीत असे त्याने सांगितले (१ करिंथ. १६:३, २ करिंथ. ८:१९-२१). ज्या समझोत्याची नोंद कार्यवृत्तात करता येत नाही, त्यात बहुधा कोणाचे तरी काही तरी जात असते.

८. तत्त्वाच्या नावाखाली हट्ट

ह्या कसोट्या उलट बाजूनेही लावल्या पाहिजेत. मंडळीत जेवढे नुकसान तत्त्व सोडणाऱ्यांनी केले, तेवढेच हट्टाला तत्त्व म्हणणाऱ्यांनीही केले आहे. ३ योहान ९ मधील दियत्रफेसाला पहिले स्थान हवे होते. त्यानेही आपण मंडळीची शिस्त राखतो असेच सांगितले असेल.

यरुशलेमची सभा पार पडल्यावर लवकरच पौल व बर्णबा ह्यांचे योहान मार्कावरून भांडण झाले आणि ते वेगळे झाले. सुंतेच्या प्रश्नावर खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले दोन मित्र एका तरुणाला बरोबर न्यावे की नाही ह्यावरून तुटले! लूक कोणालाच दोष देत नाही. पण पुढे २ तीमथ्य ४:११ मध्ये पौल त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे लिहितो. प्रत्येक मतभेद सुवार्तेविषयीचा नसतो. पुढाऱ्याने अडून बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे : मी येथे माघार घेतली तर कोणा दुर्बळाचे काही जाते, की फक्त माझा शब्द खाली पडतो? फक्त माझा शब्द खाली पडत असेल तर तो पडू द्यावा.

नमते घेतले म्हणजे यश मिळतेच असेही नाही. प्रे. कृत्ये २१ मध्ये याकोबाच्या सल्ल्यावरून पौलाने चार माणसांच्या नवसाचा खर्च केला व तो मंदिरात गेला. तेथेच दंगल उसळली आणि तो बेड्यांत पडला. सवलत दिली ती प्रीतीने. फळ देवाच्या हाती.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

मोठ्या मुलांच्या वर्गात प्रे. कृत्ये ६ पासून सुरुवात करावी. वर्गाचे एक मोठा व एक लहान असे दोन गट करून खाऊ वाटण्याचे काम मोठ्या गटाकडे द्यावे. लहान गटाने तक्रार केली तर काय करावे हे मुलांनाच ठरवू द्यावे. मग अध्याय वाचून प्रेषितांनी काय केले ते पाहावे. सात नावे पाठ करून घ्यावीत. तीत व तीमथ्य ह्यांची तुलना फळ्यावर दोन रकान्यांत मांडल्यास चांगली समजते.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रे. कृत्ये ६ मध्ये बहुसंख्य गटाने काय सोडले व काय सोडले नाही?
२. तीताची सुंता न करणे आणि तीमथ्याची करणे, ह्या दोहोंत पौल एकाच तत्त्वाने कसा वागला?
३. पेत्र पंक्तीतून उठला त्याची किंमत कोणी दिली? आपल्या मंडळीत अशी किंमत देणारे कोण आहेत?
४. आपल्या कमिटीच्या मागील वर्षाच्या ठरावांपैकी एक घेऊन त्याला वरील तीन कसोट्या लावा.
५. आपल्या मंडळीतील कोणता वाद सुवार्तेविषयीचा आहे व कोणता केवळ मानाचा?

निवडणुकीच्या सभेला जाण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने फिलिप्पै. २:५-८ एकदा शांतपणे वाचावे, आणि त्या सभेत ज्यांना मत नाही किंवा ज्यांना बोलता येत नाही अशा एका तरी व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करावी. मग सभेला जावे, मोकळेपणाने बोलावे आणि मत द्यावे.